दादाच्या कादंबरीतली बाई

परवा बीडहून एका प्राध्यापिकेचा फोन आला. माझ्या थोरल्या भावाच्या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीवर त्या प्रबंध लिहितायत. कादंबरीतल्या बापाने घरातली सोशिक आई आणि रानातली बाई अशी स्त्रीची दोन रूपं कशी तोडून वेगळी केली आहेत, यावर त्यांचं एक अख्खं प्रकरण आहे म्हणे. 'तुमचे बंधू काळाच्या फार पुढे होते,' असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, माझा बंधू जनगणनेच्या कामाला गेला होता. त्यांना वाटलं म्हातारीला ऐकू येत नाही. त्यांनी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं आणि मी फोन ठेवून दिला. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच आहे आणि आता सुधारायचं वय राहिलेलं नाही. पण फोन ठेवल्यावर दिवसभर मला काही सुचलं नाही. दादा आता नाही, आबा नाहीत, आई नाही, आत्या नाही. ती कादंबरी आमच्या गावात आली तेव्हा काय झालं हे सांगणारी मी एकटीच उरले आहे. कादंबरीचं नाव मात्र इथं लिहिणार नाही. ज्यांनी वाचली ते ओळखतील, आणि बाकीच्यांनी नाही वाचली तर काही अडत नाही.

आमचं गाव चकलांब्याच्या अलीकडे आणि आमचं रान गावापासून दोन कोसांवर, गोदावरीच्या अंगाला. घरात आबा, आई, आबांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, आणि मी. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. तो परळीला हायस्कुलात मास्तर होता आणि दर वर्षी भाड्याची खोली बदलायचा. महिन्यातून एकदा यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्यांच्या शिवणीत वीजकेंद्राची राख बसलेली असायची, आणि आई ते सदरे धुवायची तेव्हा दगडावरून करडं पाणी वाहायचं. त्या घरात कोण कुठं आहे हे मला न बघता सांगता यायचं. आत्या भाकरी थापायची ती कुणाच्या तरी थोबाडीत मारल्यासारखी. आईची थाप कान देऊन ऐकावी लागायची. आबा दारात आले की आधी खाकरायचे, मग चपला काढायचे. जेवायला बहुतेक येसराची आमटी आणि जवसाची चटणी. अंबाडीची भाजी असली की आबा एक भाकरी जास्त खायचे, पण भाजी चांगली झाली असं तोंडाने कधी म्हणायचे नाहीत. आबा वाईट नव्हते. हे मी इथंच लिहून टाकते, पुढे लिहिणं मला जड जाईल.

आई कमी बोलायची. मी आठ वर्षांची असताना तिचं बारा दिवसांचं बाळ गेलं आणि त्यानंतर ती सहा महिने माहेरी, माजलगावच्या बाजूला, राहून आली. तेवढे दिवस आत्याने घर सांभाळलं. माहेराहून आलेली बाई जरा भरलेली दिसते, चार गोष्टी सांगते. आई आली ती वाळून गेलेली आणि मुकी. मला एवढंच ठाऊक होतं. आमच्याकडे पोरांनी काही विचारायची पद्धत नव्हती, आणि मोठ्यांनी सांगायची तर त्याहून नव्हती.

मी सतरा वर्षांची असताना दादाची कादंबरी छापून आली. तो चार वर्षं ती लिहीत होता हे आम्हाला माहीत होतं, पण मास्तर लोक काहीतरी लिहीतच असतात असं आबा म्हणायचे. एसटीने पार्सल आलं, त्यात दहा प्रती. एक ग्रामपंचायतीच्या वाचनालयात गेली आणि एक नानांनी उचलली. नाना म्हणजे आबांचे चुलतभाऊ. त्यांचा आवाज खणखणीत होता आणि तो फुकट जाऊ नये म्हणून ते सगळं मोठ्याने वाचायचे: पेपर, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा. रविवारी दुपारी ते आमच्या ओसरीवर मांडी घालून बसले. आबा लोडाला टेकले, भावकीतले पाचसहा जण आले. कादंबरीत असंच एक घर होतं, असाच खाकरणारा बाप, अशीच भाकरी आपटणारी आत्या. पानापानाला नाना 'हुबेहूब हाय बे' म्हणायचे आणि आत्या आतून म्हणायची, 'माझ्या भाकरी त्याला आत्ताच दिसल्या का?' सगळे हसत होते. मग चौऱ्याऐंशीवं पान आलं. नानांनी वाचलं, 'आणि आबांनी बाईला कोठ्यावर नेऊन ठेवलं.' ते थांबले. तेच वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी हळू. आत भाकरी थापण्याचा आवाज बंद पडला आणि थोड्या वेळाने परत सुरू झाला.

कोठा म्हणजे आमच्याकडे रानातला गुरांचा गोठा. बाई म्हणजे काय हे सांगायला नको, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. नाना म्हणाले, 'आबा, बाई ठिवलती का वो तुमी?' आबांचा चेहरा ते वाक्य ऐकताना पांढराफटक पडला होता. नानांचा प्रश्न आल्यावर त्यावर पुन्हा रंग आला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि ते साफ उलटं वाचलं. मला वाटलं, आधी घाबरले आणि आता संतापले. 'पुस्तकातल्या बापाला इचार,' एवढं बोलून आबांनी नानांच्या हातातलं पुस्तक घेतलं, मिटलं आणि मांडीखाली दाबून बसले.

पण वाचनालयातली प्रत कुणाच्या मांडीखाली नव्हती. ज्या गावात निवडणुकीच्या याद्यांपलीकडे कुणी काही वाचत नसे, तिथं त्या पुस्तकासाठी रांग लागली. बहुतेक जण ते थेट चौऱ्याऐंशीव्या पानापासून वाचायचे. पंधरा दिवसांत ते पान हाताच्या मळाने काळं झालं. समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'मर्द आहेस तर नाव लिही.' खाली दुसऱ्या अक्षरात, 'नाव मला माहीत आहे,' आणि त्याखाली तिसऱ्याने, 'बापाच्या ताटात जेवून हे धंदे.' हापशावर बायका आईची कीव म्हणून मला जागा करून द्यायला लागल्या. 'तुझी माय लई सोशिक गं,' म्हणायच्या, आणि माझी घागर भरून द्यायच्या. त्या घागरीची मला किळस यायची. भावकीत ठरलं की पोराने घराण्याचं नाक कापलं, त्याला बोलवून माफी मागायला लावायची आणि पुस्तकं जाळायची. आबा म्हणाले, 'कशाला बलावता त्याला? चार दिस बोलतील आन् गप बसतील.' मला तेव्हा आबा केवढे मोठ्या मनाचे वाटले.

त्यात पत्रं यायला लागली. दादाच्या परळीतल्या खोलीचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने पुस्तकात गावाकडचा पत्ता छापायला दिला होता. पोस्टमन पत्रं आबांच्या हातात द्यायचा, आबा ती न वाचता कोनाड्यात टाकायचे आणि मी ती चोरून वाचायची. पुण्याच्या एका गृहस्थाने लिहिलं होतं की स्त्रीला कोठ्यावर बसवणं हा कायद्याने गुन्हा आहे आणि लेखकाने बापावर खटला का भरला नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर कोणता कोठा होता हे माझ्या चार दिवसांनी लक्षात आलं. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेने आठ पानं लिहिली होती. त्यांना आईचं पात्र वाचून रडू आवरलं नव्हतं. त्या बाईबद्दल मात्र त्यांचं मत असं, की दुसरीच्या संसारात पाय टाकणारीच्या पायात दिवसभर गुराचं दावं बांधून ठेवलं, हे वाचून त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. एक पत्र नुसतं आबांच्या नावे होतं: 'तुमच्यासारख्यांना चौकात फोडून काढलं पाहिजे.' खाली सही नव्हती. लोक पुस्तक वाचून इतके चिडू शकतात हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं. आता नातू मोबाईलवर लोकांची मतं दाखवतो तेव्हा मला त्या कोनाड्याचाच वास येतो.

आणि सगळ्यांत जास्त चिडलेली वाचक मी होते. मी ती कादंबरी तीनदा वाचली. दादाचा राग, आबांचा राग, पण खरा राग त्या बाईचा. ती कोठ्यावर ओरडते, केस उपटते, येणाऱ्याजाणाऱ्याला माती फेकून मारते. दादाने ते असं लिहिलं होतं की मला तिचा घामाचा वास यायचा. नाशिकच्या बाईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं होतं. चकलांब्याच्या बाजारात मी चाळिशीच्या बायकांची तोंडं न्याहाळत फिरायची: ही असेल का, ती असेल का. दादाला मी पत्र लिहिलं: 'आईला तू देवी करून ठेवलंस आणि त्या रांडेवर पंचवीस पानं खर्च केलीस. नाव सांग, मी तिच्या दारात जाऊन थुंकून येते.' ते पत्र मी स्वतः जाऊन टाकलं. लिहिलं होतं ते हेच.

दादाचं उत्तर आलं नाही, दादाच आला. शनिवारची शाळा सकाळची असते, ती करून दुपारच्या गाडीने. तो गाडीतून उतरल्याचं कळताच नानांनी निरोप धाडून भावकी जमवली होती. दादा ओसरीवर उभाच राहिला, त्याला कुणी बस म्हटलं नाही. हातात वर्तमानपत्रात बांधलेला एक गठ्ठा होता. तो आबांच्या पाया पडायला वाकला तेव्हा आबांनी पाय मागे घेतले.

नाना म्हणाले, 'मास्तर, लिवायचं शिकलास ते बापाला नागवं करायला का?'

'नाना, पुस्तकात चूक झाली,' दादा म्हणाला. 'लई मोठी चूक. मी जनगणनेच्या कामाला गेलतो. पुण्याहून छापायच्या आधीचे कागद आले तपासायला, ते मी बघितलेच न्हाईत. तसेच सही करून धाडले. तिथल्या माणसानं त्याच्या मनानं दुरुस्त्या केल्या.'

'मग आता?'

'शुद्धिपत्र छापून आणलंय. परळीत लग्नपत्रिका छापतो त्याच्याकडून. सगळ्या प्रतींना चिकटवतो.'

ओसरीवर हायसं वाटल्याची हालचाल झाली. चूक म्हटल्यावर सगळ्यांनाच बरं वाटलं. दादाने गठ्ठा सोडला. कडेला गुलाबी वेलबुट्टी असलेल्या त्या चिठ्ठ्या होत्या. आबांचा चष्मा आत होता आणि नानांना दादाच्या हातून काही घ्यायचं नव्हतं, म्हणून एक चिठ्ठी माझ्या हातात आली. शाळेत प्रतिज्ञा म्हणायला मी सरावलेली, त्याच आवाजात मी वाचलं, 'शुद्धिपत्र. पान चौऱ्याऐंशी, ओळ तिसरी. आबांनी बाईला कोठ्यावर नेऊन ठेवलं, याऐवजी, आबांनी आईला कोठ्यावर नेऊन ठेवलं, असे वाचावे. पान शहाऐंशी, ओळ पहिली. बाई ओरडत होती, याऐवजी, आई ओरडत होती. पान एक्क्याण्णव, ओळ सतरावी. दिवसा बाईच्या पायात दावं असायचं, याऐवजी...'

मी चिठ्ठी खाली घेतली.

मला आधीच कळायला हवं होतं. दादा आईला बाई म्हणायचा. आमच्या भागात जुन्या घरांतून आईला बाईच म्हणतात. मी 'आई' म्हणते ते दादानेच शिकवलं म्हणून. कॉलेजात गेल्यावर त्याला 'बाई' गावंढळ वाटायला लागलं, पण त्याची स्वतःची जीभ काही वळली नाही, आणि कादंबरी त्याने त्याच जिभेने लिहिली. पुण्यातल्या त्या शिकलेल्या माणसाला प्रश्न पडला की मुलगा आईला बाई कसा म्हणेल. जिथं ती रांधत होती, वाढत होती, मुलाच्या केसांना तेल लावत होती, तिथं त्याने 'आई' केलं. जिथं ती ओरडत होती, माती फेकत होती, तिथं तो मनाशी म्हणाला असेल, ही आई नव्हे. तिथं त्याने 'बाई' तशीच राहू दिली. एका बाईच्या दोघी झाल्या. बाळ गेल्यावर आईच्या डोक्यात काही बिघडलं होतं. आबांनी ती माहेरी गेल्याचं गावात सांगितलं आणि तिला रानातल्या कोठ्यावर सालगड्याच्या हवाली केलं. तो आणि त्याची बायको दिवसा कामाला जात, म्हणून दावं. आत्याला ठाऊक होतं. दादाला ठाऊक होतं. मला त्या लग्नाच्या कागदावरून कळलं, आणि तेही सगळ्या भावकीला मीच मोठ्याने वाचून दाखवलं.

ओसरीवरच्या सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. मग आबा म्हणाले, 'ते कागद ऱ्हाऊ दे. छापलंय तेच असू दे.'

दादाला कळेना. 'आबा, लोक तुमाला शिव्या देतायत. बाई ठिवली म्हणतायत.'

'म्हणू दे.'

'आरं, आबांचं खरं हाय,' नाना म्हणाले, आणि पाहता पाहता नानांचा सूर बदलला. 'बाई ठिवली म्हणलं तर काय बिघडतंय? गावात कुणी ठिवली न्हाई? पर घरच्या बाईला दावं लावलं म्हणलं, तर येडाचं घराणं म्हणतील. ह्या पोरीला करून घेईल का कुणी? तू मास्तर हायेस, जरा डोस्कं वापर बे.' माझ्याकडे त्यांनी बोट केलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. सकाळपर्यंत पुस्तकं जाळायला निघालेली माणसं आता छापलंय ते अक्षर न् अक्षर बरोबर आहे म्हणत होती. आपल्याला रखेल होती असं जगाने समजावं, हे आबांना परवडत होतं. आत्या आत तोंडात पदर धरून बसली होती. आबा माझ्याकडे बघत नव्हते. मला त्या दिवशी त्यांचा जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

आई बाहेर आली. भावकीतले पुरुष बसलेले असताना ती कधी उंबऱ्याबाहेर येत नसे. पदर डोक्यावर, हाताला पीठ. ती आबांना म्हणाली, 'तिथं मी व्हते.'

'तू आत जा,' आबा म्हणाले.

'सहा म्हैने काढलेत म्या तिथं. ते दुसऱ्या बाईला का म्हून देता?'

आवाज चढलेला नव्हता. उसनं दिलेलं भांडं परत मागावं तशी ती बोलत होती. नाना चपला शोधायला लागले. आईने माझ्याकडे पाहिलं. 'शके, पुढं वाच. सगळं वाच.'

मी वाचलं. दावं, माती, ओरडणं, एकेक करून सगळ्या जागी बाई गेली आणि आई आली. आई प्रत्येक ओळीला मान हलवत होती, हिशेब बरोबर आहे म्हणावं तशी. शेवटची नोंद पान दोनशे दहाची होती. मी वाचलं, 'मुलाने बाईच्या पायातलं दावं सोडलं, याऐवजी, मुलाने आईच्या पायातलं दावं सोडलं.'

आईची मान थांबली. 'कोणच्या पोरानं?' तिने विचारलं.

दादा खाली बघत होता. 'कादंबरी हाय बाई ती,' तो म्हणाला. 'शेवट करावा लागतो.'

'तू आलतास,' आई त्याला म्हणाली. 'बोरीखाली हुभा राह्यलास. मी हाका मारल्या. तू माघारी गेलास.' तिने पिठाचे हात पदराला पुसले. 'दावं म्या सोडलं. दातानं. दोन दिस लागले. मंग चालत घरी आले. ते लिव.'

दादाने खिशातलं पेन काढलं होतं. ते त्याने तसंच हातात धरलं, आणि लिहिलं काहीच नाही. पुढे दुसऱ्या आवृत्तीत त्याने शुद्धिपत्रातल्या सगळ्या दुरुस्त्या केल्या, बाईच्या जागी आई घातली, आबांचा रोष पत्करला. माझं लग्न नानांच्या भाकितापेक्षा दोन वर्षं उशिरा झालं, पण झालं. शेवटचं पान मात्र दादाने बदललं नाही. अजूनही मुलगा येतो, गुडघ्यावर बसतो आणि आईच्या पायातलं दावं सोडतो. त्या पानावर लोक अजून रडतात. तसं लिहून कळवतात, मुलगा असावा तर असा म्हणतात. दादा होता तोवर मी ती पत्रं त्याला वाचून दाखवायची आणि तो उठून बाहेर जायचा. ज्यांना त्या पानावर रडायचंय त्यांनी खुशाल रडावं. तिथं कुणी मुलगा आला नव्हता. माझ्या आईने ते दावं दाताने कुरतडून सोडलं आणि ती दोन कोस एकटी चालत आली.